दुखणं विचारणाऱ्या दमयंतीबाई

दमयंतीबाई पोराच्या अंगाला हात लावायच्या आधी स्वतःचं बोट त्याच्या मुठीत देत. म्हणत, "तुला जेवढं दुखतं ना, तेवढं हे दाब." कुणी हळूच धरी, कुणी असं पिळी की बाईंचं नख पांढरं पडे. बाई बोट सोडवून घेत नसत. त्या दाबावरून त्यांना जे कळे, ते मला तेव्हा जादूच वाटे. आज मी बी.ए. आहे, आमच्या घराण्यात पहिली, तरी मला ती जादूच वाटते.

वर्ध्याच्या इस्पितळात तेव्हा फिजिओथेरपी हा शब्द कुणाच्या जिभेवर बसत नव्हता. लोक त्यांना मालिशवाली बाई म्हणत. बाई मुंबईला शिकून आलेल्या. त्या म्हणत, "मालिश नाही हो, मी चौकशी करते." चौकशी दुखण्याची. आखडलेला स्नायू ताणला की होणारं दुखणं हात काढताच ओसरतं, त्याला त्या भीत नसत. हात न लावता जे दुखतं, त्याला भीत. "काही दुखणं तर माझा हात पोचायच्या आधीच येऊन बसतं," त्या सांगत. "ती भीती. तिच्याशी आधी गप्पा मारायच्या." लहान मूल दुखतंय म्हणून सांगत नाही, खेळायचं सोडतं, हेही वॉर्डातल्या आयांना त्यांनीच शिकवलं. "आणि पोरगी बारा वर्षांची झाली की तिच्या दुखण्यालाही लाज येते. ते सगळ्यात अवघड."

मी बारा वर्षांचीच होते. माझा उजवा गुडघा दुखे, पाय वाकडा राही. डॉक्टरांनी गुडघा मोकळा करायला बाईंकडे धाडलं. माझे बाबा समुद्रपूरकडे लोकांच्या वावरात मजुरी करत. दारातच त्यांनी मला बजावलं, "रडजो नको. रडली त बाई म्हनन, घरी न्या हिले." म्हणून बाईंनी काहीही विचारलं की माझं उत्तर ठरलेलं: "नाई दुखत." त्यांचं बोटही मी फुलासारखं धरी. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणे, "वाघीन हाय पोट्टी!" बाई मात्र कधी शाबासकी देत नसत.

त्या स्टुलावर बसत आणि माझा पाय मांडीवर घेत. गावात आमची सावली चुकवून जाणारी माणसं होती. आमचा पाय कुणी मांडीवर घेईल हे स्वप्नातही नव्हतं. बाबा कासावीस होत. "पाय नोका धरू जी बाई, पाप लागन आमाले." मग पाय त्यांना लागला की मी दर वेळी पुढे वाकून त्यांना हात लावी आणि तो कपाळाला नेई. पाय लागला की नमस्कार करायचा, एवढं वळण घरचं होतं.

एकदा तशी वाकताना माझ्या तोंडून "आय्" निघालं. बाईंचे हात हवेतच थांबले.

"गुडघ्याला मी अजून हात कुठे लावलाय?"

"नाई दुखत."

"कुठे नाही दुखत?"

"गुडघ्यात."

बाई हसल्या नाहीत. "परत नमस्कार कर बघू."

"आता काऊन जी?"

"माझ्यासाठी कर."

मी वाकले आणि घामाने भिजले. मग बाईंनी मला उताणं निजवलं आणि मांडी धरून अलगद आत वळवली. मी किंचाळले, माझा हात मात्र गुडघ्यावरच गेला. बाबा दारातून ओरडले, "चूप!" बाई त्याहून मोठ्याने म्हणाल्या, "ओरडू द्या हो तिला! आज पहिल्यांदा खरं बोलतेय." मग माझ्या कपाळावरचा घाम टिपून म्हणाल्या, "गुडघा नुसता बोंबलतोय गं. चोर वर खुब्यात बसलाय."

एक्स-रे काढला. खुब्याच्या सांध्याला क्षय लागला होता. डॉक्टर म्हणाले, गुडघाच ओढत राहिलो असतो तर पोरगी कायमची खाटेवर पडली असती. मग इंजेक्शनं, प्लास्टर, महिनोन्‌महिने आढ्याकडे बघत पडणं.

प्लास्टर निघालं तेव्हा बाबा नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले होते. त्यांनी बाईंना सरळ विचारलं, "पोरगी चालन का जी?"

"चालेल. पण लंगडत, जन्मभर. हे मी आजच सांगून ठेवते."

बाबांनी विचारलं, "मंग हिचं लगन?"

"ते मला सांगता येणार नाही."

"वावरात तरी उभी राह्यन?"

"नाही. शाळेच्या बाकावर बसेल."

दुसरं कुणी असतं तर "होईल सगळं ठीक" म्हणालं असतं. मग बाबांनी मला लग्नापर्यंत घरात बसवून पायाची वाट पाहिली असती. बाईंनी ती वाटच ठेवली नाही.

उन्हाळ्यात बाई मुंबईला परत गेल्या, पुन्हा भेट झाली नाही. जून लागला तसे बाबा मला शाळेत घेऊन निघाले. मी कुबडी टेकत चालले होते आणि बाबा माझ्या चालीने चालत होते. मास्तरांपुढे त्यांनी टोपी काढली.

"हिले वावर नाई जमत, मास्तर," ते म्हणाले. "शिकवा हिले, पार वरपर्यंत."