आमच्या वॉशिंग मशीनचं आत्मवृत्त

आयुष्यात एकदाच मी स्वतःच्या डोक्याने निबंध लिहिला, आणि त्यात मला शून्य मार्क मिळाले.

नववीत होतो. विषय, वॉशिंग मशीनचं आत्मवृत्त. अख्ख्या वर्गाने केबिन रोडवरच्या दुकानातून एकच गाईड आणलेलं. त्यामुळे चाळीस मशिनींचा जन्म 'एका मोठ्या कारखान्यात' झाला आणि चाळीसही जणींना 'मानवाची सेवा करण्यात धन्यता' वाटली. सगळ्यांना सात-सात मार्क! माझं गाईड आईने रद्दीत घातलेलं, म्हणून मी मनाने लिहिलं. त्यात मला नकला करायची खोड. मशीनला आवाज दिला तो घरातलाच:

'सगळ्यांचं धुवायचं मीच. खिसे तपासून टाकायला काय हात झिजतात? जरा आवाज चढवला की म्हणतात, हिचं काहीतरी बिघडलंय. माझी बेव्हर्ली पार्कची बहीण बघा, फुल्ली ऑटोमॅटिक. तिचा नवरा स्वतः बटण दाबतो.'

खाली लाल पेनाने शेरा: 'कुठून उतरवलंस? पालकांना आण.' वर गॅदरिंगच्या मिमिक्रीतून नाव कट! दोन महिने प्रॅक्टिस करत होतो हो! मी म्हटलं, मॅडम, गाईडमध्ये शोधा, नाही सापडणार. तर म्हणे, मग दुसरं गाईड असेल.

आई हाफ डे टाकून आली. म्हटलं, सुटलो, आता आईच सांगेल. तिने निबंध वाचला. परत वाचला. मग माझ्याकडे असं बघितलं की मी बेंचमागे सरकलो.

"मॅडम, कॉपीच आहे ही," आई म्हणाली. "माझी. रविवारी बहिणीला फोनवर बोलले, तसंच्या तसं लिहिलंय ह्याने."

मॅडम गार. "सगळं?"

"नवरा बटण दाबतो, ते नाही. ते ह्याचं. मी बहिणीबद्दल असं बोलत नाही."

(बोलते. पण गॅदरिंग अडकलेलं, गप्प बसलो.)

मॅडमनी त्या एका वाक्याचा एक मार्क दिला आणि सांगितलं, उद्या नवीन लिहून आण, स्वतःचं, तरच गॅदरिंग.

संध्याकाळी मित्राचं गाईड आणलं. माझीही मशीन मोठ्या कारखान्यात जन्मली, धन्य झाली. आठ मार्क! शेरा: 'आता कसं, स्वतःचे विचार!'

मिमिक्रीला टाळ्या पडल्या. पण तेव्हापासून मावशीचा फोन आला की आई बाल्कनीत जाते आणि दार ओढून घेते. आणि माझ्यातला ओरिजिनल लेखक आत, काचेला कान लावून उभा असतो. काही म्हणजे काही ऐकू येत नाही.