दादारावांची गोळी पिघलली

दिल्लीत, मयूर विहारात आमच्या समोरच्या दारात दादाराव वानखडे राहतात. मूळचे अमरावतीकडचे, पण सव्वीस वर्षं गाझियाबादजवळच्या एका सरकारी औषध-प्रयोगशाळेत. काम काय, तर पाण्यात न विरघळणारी औषधं विरघळवायची. असली गोळी पोटात जाते आणि जशीच्या तशी बाहेर पडते, रोग्याला काडीचा उपयोग नाही. क्षयाच्या अशाच एका गोळीमागे हा माणूस नऊ वर्षं हात धुऊन लागला होता. मार्चअखेर निवृत्ती. त्याआधी ती गोळी पुढच्या चाचण्यांना जावी, एवढंच त्यांना हवं होतं.

फेब्रुवारीत ती विरघळली. चाचणीच्या सहाही काचेच्या भांड्यांत, अर्ध्या तासात! नेमका तेव्हाच संचालकांचा फोन आला, आणि या भल्या माणसाने आनंदाच्या भरात सांगितलं, "सर, गोली पूरी पिघल गयी!"

संध्याकाळी घरी हेच ऐकवलं तर त्यांची समता किंचाळलीच. दिल्लीत वाढलेली पोर, मराठी यथातथा, पण हिंदी पक्की. "बाबा, यार! बर्फ पिघलतो, साखर घुलते! तुम्ही त्यांना सांगितलं, गोळी मेल्ट झाली!"

तोवर फाइल चालू लागली होती. गोळ्या उकाड्याने वितळल्या म्हणून प्रयोगशाळेच्या एसीची चौकशी, दादारावांना कारणे दाखवा नोटीस, वर तिघांची समिती. दादारावांनी खुलासा दिला, मला 'घुल गयी' म्हणायचं होतं. उत्तर आलं, आपल्याला हिंदी पखवाड्यात निबंधाचं दुसरं बक्षीस मिळालेलं आहे, सबब आपली हिंदी चुकणं संभवत नाही. घ्या! सहा भांड्यांचे आलेख पुढे केले, तर म्हणे ते समितीच्या कक्षेत येत नाहीत.

समितीने गोळ्या बशीत घालून आठवडाभर खिडकीत ठेवल्या आणि छातीठोकपणे लिहिलं, "गोली नहीं पिघलती." मुख्यालयात ते वाचणारे साहेब कोण? आपलेच, नाशिकचे! त्यांनी ते मराठी डोक्याने वाचलं: गोळी विरघळत नाही. प्रकल्प बंद. दुसरा कुणीही असता तर गोळी वाचली असती हो! मला असा संताप आला, की दोन दिवस मी कुणाशी हिंदी बोललेच नाही.

निरोप समारंभाला आम्ही शेजारीही गेलो होतो. शाल झाली, समोसे झाले. संचालक माइकवर म्हणाले, "दादारावजी छब्बीस साल में हम सब में ऐसे घुल-मिल गये..."

दादाराव ताडकन उठले. "सर, यही! यही शब्द था!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या बायकोने, चंदावहिनींनी, हात धरून त्यांना खाली बसवलं. "बसा हो आता." ते बसले, आणि शालीत तोंड खुपसून ढसाढसा रडायला लागले.

संचालकांनी त्यांच्याकडे हात केला. "देखिए," ते माइकवर म्हणाले, "पिघल गये."