अर्ध्या वांग्याचं भरीत

पिपरी मेघे गावात सकाळी फिरायला जाताना एका घराच्या कुंपणाआड एक म्हातारे गृहस्थ वांग्याच्या झाडांपुढे उकिडवे बसलेले दिसायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. ते एकेक पान उलटून पाहायचे. अळी सापडली की चष्मा वर सरकवून तिला नीट निरखायचे आणि मगच चिरडायचे.

एकदा त्यांनीच सांगितलं, "बायको आजारातून उठली, पण तोंडाले चवच नाई. बजारातलं वांगं रबरासारखं लागते म्हणे. म्हणून घरी लावून राह्यलो." बसची वेळ सांगावी तशा सुरात ते हे बोलले.

यंदा पाऊस थांबेना. टमाटर सडले, भेंडी माकडांनी नेली आणि वांग्याची फुलं गळत राहिली. मी विचारायचो, "काका, काय म्हणते बाग?"

"काई नाई म्हणत."

दिवाळीनंतर ते झाडं उपटताना दिसले.

"निघाली का वांगी?"

"चौदा झाडाईले एक. अर्धं अळीनं खाल्लं, अर्ध्याचं भरीत केलं."

"काकूंना आवडलं?"

"नाई. मीठ कमी हाय म्हणे." त्यांनी मुळांची माती झटकली. "चार महिन्यांत, भाऊ, पह्यल्यांदा तिले मीठ कमी लागलं."

बाग वाया गेली, वाईट झालं, असं मी म्हणणार होतो. काका पुढच्या झाडाकडे सरकले.