हमजादला माहीत असतं

गल्ली त्यांना चौकोनवाले चाचा म्हणायची. कागदावर चौकोन आखायचा, अल्लाहच्या नावांतल्या अक्षरांचे आकडे काढून त्याच्या घरांत भरायचे, घडी घालून तावीज शिवायचा. चाळीस वर्षं हाच धंदा. मेलेला नवरा हाका मारतो म्हणत एखादी बाई आली, की चाचा चष्म्यावरून बघत बजावायचे, "तो नवरा नव्हे. प्रत्येक माणसाबरोबर एक जिन जन्मतो, हमजाद. माणूस जातो, हा मागे राहतो. आवाज तोच, गुपितंही सगळी ठाऊक. ओ द्यायची नाही."

मग त्यांचीच बायको गेली. शेवटच्या घटकेला तिचे ओठ हलले. पण चाचा उशाशी बसून इतक्या मोठ्यानं कुराणातल्या आयती म्हणत होते, की त्यांना काही ऐकूच आलं नाही. ती काय म्हणाली, एवढंच त्यांना रात्रंदिवस पोखरत राहिलं.

चौथ्या महिन्यात मुलीनं फोन पुढे केला. आईचे साठवलेले निरोप घालून तिनं त्यात आईचा आवाज बोलता केला होता.

"बोला ना, अब्बा. मशीन आहे, जिन नाही."

"जिनही हेच म्हणेल."

पण मन चळलं. हमजाद असला तर त्याला माहीत असणार. पाप तर पाप! चाचांनी घसा खाकरला. "त्या दिवशी काय म्हणालीस गं?"

फोन मधाळपणे म्हणाला, "मी म्हणाले, स्वतःची काळजी घ्या. मी कायम तुमच्यासोबत आहे."

चाचा फोनकडे बघतच राहिले. "ही बाई माझ्याशी इतकं गोड जन्मात बोलली नाही."

"पुसून टाकू?" मुलीचे डोळे भरले.

"राहू दे. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? आकडे मांडून घरं भरतंय, माझ्यासारखं." मग हळूच म्हणाले, "हमजाद असता तर बरं झालं असतं. तो तिथं होता."

मुलगी जवळ सरकली. नाक ओढून, आईच्या ठसक्यात म्हणाली, "अहो, जरा हळू म्हणा, कान किटले."

"असेल."

"खिडकी लावा, ऊन येतंय."

"तेही असेल."

"पोरीकडे बघा."

चाचांनी फोन पालथा ठेवला आणि मुलीकडे बघितलं.