माझा नंबर लागला

ताईचा फोन आला तेव्हा मी इथे जर्मनीत, झिंडेलफिंगेनच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. आदल्या दिवशी भावजींचे दोन मिस्ड कॉल होते. ते मी मुद्दामच उचलले नव्हते, कारण ते पुन्हा माझ्या बुटाचा नंबर विचारणार हे मला ठाऊक होतं. ताईचं नाव दिसल्यावर आधी चिडलेच... आता हिला कामाला लावलं वाटतं! बाहेर येऊन फोन घेतला. "अगं, हे उठतच नाहीयेत," ती म्हणाली. फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. ट्राउट मासे पकडायचा सीझन एक मार्चला सुरू होणार होता.

भावजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. तीस वर्षं गाड्यांच्या इंजिनांवर काम केलं आणि रिटायर झाल्यावर ब्लॅक फॉरेस्टमधल्या एका लहानशा नदीच्या नादी लागले. मलाही त्यांनीच ओढलं. माझा घटस्फोट झाला त्या वर्षी मी शनिवार-रविवार सोफ्यावर पडून असायचे. "रडायचंच आहे ना, मग पाण्यात उभी राहून रड," असं म्हणून मला गाडीत घातलं. इथे मासे पकडायलासुद्धा परीक्षा द्यावी लागते. माशांच्या परांची जर्मन नावं घोकून मी पास झाले. पण परवाना मिळाला म्हणजे नदी मिळाली असं नाही. नदीचा तो पट्टा एका क्लबकडे, सभासद मोजके, आणि त्यातलं कुणी सोडून गेल्याशिवाय किंवा वारल्याशिवाय नवीन माणूस घेत नाहीत. चार वर्षं मी वार्टेलिस्टेवर, म्हणजे वाट बघणाऱ्यांच्या यादीत. वर्षातून दोन-तीनदा पाहुणी म्हणून भावजींबरोबर जायचे, एवढंच. "धीर धर. ही म्हातारी माणसं थंड पाण्यात मुरलेली आहेत, लवकर जात नाहीत," असं ते म्हणायचे आणि स्वतःच खो खो हसायचे.

या हिवाळ्यात मात्र त्यांनी मला वैताग आणला. जेवणाच्या टेबलावर पिसं आणि दोरे पसरून, गळाला आमिष म्हणून लावायच्या खोट्या माश्या बांधत बसायचे आणि मध्येच फोन करायचे. "आल्झो, तर मग, एक मार्चला सहा वाजता निघायचं."

"भावजी, क्लबचं कार्ड तुमचं. मी काय काठावर बसून डबा राखू?"

"तू बूट तर घे. नंबर काय तुझा?"

छातीपर्यंत येणारे ते रबरी बूट. ज्या बाईला नदीच नाही, तिने ते घेऊन करायचं काय? आमचं शेवटचं बोलणं झालं तेव्हा मी तोडूनच टाकलं, "प्लीज, तोच तोच विषय नको."

ते गेल्यावर पंधरा दिवसांच्या आत क्लबचं पत्र आलं. एक जागा रिकामी झाली आहे, हे कळवताना आम्हाला आनंद होत आहे. आनंद! मी तिथल्या तिथे सेक्रेटरीला फोन लावला आणि माझ्या जर्मनमध्ये जेवढं भांडता येतं तेवढं भांडले. मग तो म्हातारा म्हणाला, "बाई, ही जागा ते वारले म्हणून रिकामी झालेली नाही. त्यांनी सप्टेंबरमध्येच क्युंडिगुंग दिली होती, सभासदत्व सोडत असल्याची. यादीत पुढचं नाव तुमचंच आहे ना, हे दोनदा विचारून घेतलं आणि मग सही केली. नव्या सभासदांना पत्रं आम्ही सीझनच्या तोंडावरच पाठवतो."

तशीच ताईकडे गेले. ती किचनमध्ये उभी होती.

"तुला माहीत होतं?"

"हो. थंड पाण्यात उभं राहायचं नाही म्हणून डॉक्टरांनी उन्हाळ्यातच बजावलं होतं."

"मग मला का नाही सांगितलं? मी नको म्हटलं असतं!"

"म्हणूनच. मला म्हणाले, तिला सांगू नकोस. ती एकदा जरी नको म्हणाली ना, तर मी लगेच सगळं मागे घेईन."

मी खुर्चीत बसले. म्हणजे सगळा हिवाळा हा माणूस स्वतःच्या नसलेल्या सीझनची तयारी करत होता, आणि मी त्यांचे फोन कट करत होते. मला त्यांचा राग येतो. अजून येतो. डॉक्टरांचं बरोबर होतं, हे मला कळतं. पण एकदा कडकडून भांडायची संधी तरी द्यायची होती... त्यांनाही ते भांडण हवं होतं, आणि हेच मला सहन होत नाही.

क्लबच्या कागदावर सही केली. बूट घेतले, नंबर अडतीस. एक मार्चला एकटीच गेले. कमरेएवढ्या पाण्यात गळ टाकून उभी राहिले. पाणी इतकं गार की पोटऱ्या बधिर झाल्या. आणि मग मला राहवलं नाही. मी मोठ्याने ओरडले, "नको भावजी, नको!"

पलीकडच्या काठावरच्या एका म्हाताऱ्याने दचकून मान वर केली. माझ्या हातातून मासा निसटला असं त्याला वाटलं असावं. "वेक?" त्याने ओरडून विचारलं. गेला का?

"गेले," मी मराठीतच म्हणाले.