बंद दाराशी बोलणाऱ्या मालनबाई

मालनबाईंच्या अंगात भूत आहे, आणि तेही ओळखीच्या माणसाचं, अशी आमच्या गल्लीत बोलवा आहे. तळमजल्यावरचे परसूमामा ती सांगताना आवाज इतका खाली नेतात की ऐकणाऱ्याला पुढे वाकावंच लागतं. "मी या डोळ्यांनी पाहिलं ना. व्हाइटफील्डला, परक्यांच्या घरी, मी पंखा बसवायला गेलो होतो तेव्हा. बाथरूमच्या बंद दाराला कान लावून बसलेली. बोलते, थांबते, मान हलवते. आत कोण? आत कोणी नाही रे. स्वल्प विचार करा." मग ते स्वतःच स्वल्प विचार करतात आणि भूत कोणाचं तेही सांगून टाकतात. सूर्यकांतरावांचं.

यातलं दार खरं आहे. कान लावणंही खरं. पण आत माणूस असतो, चांगला जिवंत, फक्त लाजेनं अर्धा झालेला.

मालनबाई इंदिरानगरातल्या मूत्रविकाराच्या एका दवाखान्यात काम करतात. लघवीची घाई ज्यांना आवरत नाही, घराबाहेर पडायचं म्हटलं की जे आधी वाटेतली बाथरूमं मोजतात, अशांना डॉक्टर गोळी लिहून देतात. ती गोळी हातात पडेपर्यंतची वणवण मालनबाईंची. बाजारातून माल गायब झाला की घाऊक दुकानदारांना फोन. विम्यानं नाही म्हटलं की विमा कंपनीला फोन. तिथली बाई 'तुमचा कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे' असं तीन भाषांत सांगते आणि तिन्ही भाषांत ताटकळत ठेवते. मालनबाईंचं घराणं बेंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं. त्यांच्या मराठीत कन्नड असं मिसळलंय की पुण्याहून नवीन आलेल्यांना वाटतं, बाई मध्येच आपली थट्टा करतेय.

सूर्यकांतराव त्यांचेच पेशंट. मालनबाई दर आठवड्याला फोन करत आणि पलीकडून भरदार आवाज येई, "एकदम ठणठणीत, मालनबाई. तुम्ही बाकीच्यांचं बघा." गोळीची टंचाई झाली तेव्हाही तेच. मालनबाईंनी बाकीच्यांचं बघितलं. हाताशी असलेली पाकिटं जे रडले त्यांना दिली. सूर्यकांतरावांच्या गोळ्या कधीच्या संपल्या होत्या, आणि भर दुपारी बाथरूमकडे धावताना ते ओल्या फरशीवर घसरले. इस्पितळातून परत आले नाहीत. मालनबाई भेटायला गेल्या तेव्हा त्यांची बायको म्हणाली, "तोंडावर कधी सांगायचे नाहीत हो. काय दुखतंय-खुपतंय ते बाथरूममध्ये शिरले, कडी लावली, की मग आतून बोलायचे."

तेव्हापासून मालनबाईंनी फोनवरच्या 'बरं आहे'वर विश्वास ठेवणं सोडलं. त्या घरी जातात. चहा घेतात, इकडचं तिकडचं बोलतात, आणि माणूस आत जाऊन कडी लावतो तेव्हा दाराशी बसून विचारतात. पण कुठलंही दार असो, आतून पहिला आवाज सूर्यकांतरावांचाच येतो असं त्यांना वाटतं. तो विरेपर्यंत त्या थांबतात. परसूमामांनी पाहिलं ते हेच थांबणं.

उल्काकाकूंचं दार सर्जापूर रोडवर होतं, उंच इमारतीत. हे सगळं काकूंनी नंतर स्वतःच सगळ्यांना सांगितलंय, म्हणून मी, मालनबाईंची भाडेकरू, सांगते. नवरा गेल्यावर त्या पुण्याहून लेकीकडे आल्या. लेक मैत्रेयी आयटीत. ती दवाखान्यात आली ती एका श्वासात सगळं सांगत, की आई पाणीच पीत नाही, लिटरली घोटभर, कारण प्यायलं की पळावं लागतं; दोनदा इन्फेक्शन होऊन ताप चढला, एकदा ॲडमिट; आणि डॉक्टरांनी व्हिडिओवर विचारलं की ही हसून म्हणणार, "छान आहे हो." कागदावर त्यामुळे सगळं छानच होतं. मैत्रेयीला आईची जुनी गोळी बदलून नवी हवी होती. जुनी लागू पडतेय, मग नवी कशाला, असं विमा कंपनीनं कळवलं. डॉक्टरही कारणाशिवाय बदलून देईनात. आणि नवी गोळी पूर्व बेंगळुरात कुठल्या दुकानात मिळत नव्हती. जुन्या पेठेतल्या कल्लाप्पा नावाच्या घाऊक दुकानदाराकडे थोडी पाकिटं होती. मालनबाईंनी गोड बोलून ती धरून ठेवायला लावली. "सरी अक्का, ठेवतो," कल्लाप्पा म्हणाला, "पण संध्याकाळपर्यंतच. मग दुसऱ्या इस्पितळाचा माणूस येतो."

दुपारी मालनबाई सर्जापूर रोडला पोचल्या. मैत्रेयी ऑफिसला गेलेली. काकूंनी चहा केला. ट्रेमध्ये तीन कप होते.

एक मालनबाईंपुढे आला. एक काकूंनी स्वतःपुढे ठेवला. त्याला त्या ओठ लावणार नव्हत्या हे दिसतच होतं. तिसरा त्यांनी खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीसमोर ठेवला, कपाचा कान उजवीकडे वळवून, जसा डावखुऱ्या माणसाला ठेवू नये तसा. मग जीभ चावल्यासारखं करून तो डावीकडे वळवला. खुर्चीत कोणी नव्हतं.

काकू उठल्या, लगबगीनं आत गेल्या, कडी वाजली. मालनबाई दाराशी जमिनीवर बसल्या आणि थांबल्या. त्या दिवशी सूर्यकांतराव लवकर हलेनात.

"उल्का अक्का, जुन्या गोळीनं घसा कोरडा पडतो का?"

"पडतो."

"डोळ्यांपुढे काही येतं का? नसलेलं? या गोळीनं काहींना दिसतं."

आत नळ सुरू झाला आणि बंद झाला.

"नसलेलं म्हणू नका," काकू म्हणाल्या. "ताई येते."

ताई म्हणजे काकूंची थोरली बहीण, डावखुरी. करोनात पुण्यात वारली. तोंड पाहायला मिळालं नाही, काही नाही. फोनवर इस्पितळातली एक बाई नाव विचारून कळवून मोकळी झाली. जुनी गोळी सुरू झाली आणि काही दिवसांनी ताई त्या खुर्चीत येऊन बसली. बोलत नाही. उन्हं कलली की येते, काकूंच्या वेणीकडे बघत बसते, लहानपणी घालून देताना बघायची तशी. पहिल्यांदा काकू घाबरल्या. मग त्या चहा ठेवू लागल्या.

"डॉक्टरांना सांगितलं असतं, तर गोळी बंद केली असती," काकू म्हणाल्या. "म्हणून छान आहे म्हणायचे. ताप काय, येतो नि जातो."

मालनबाई सांगतात, इतक्या दारांशी बसून त्यांना कधी खोटं बोलावंसं वाटलं नव्हतं, ते तिथे वाटलं. कारण काकूंनी पुढचा प्रश्न अगदी लहान मुलीच्या आवाजात विचारला.

"नवी गोळी घेतली तरी ती येईल ना?"

"नाही येणार, अक्का. बहुतेक नाहीच."

बाहेर उन्हं कलत होती. मालनबाईंनी मान वळवून खुर्चीकडे बघायचं टाळलं. त्या एवढंच म्हणाल्या की मी तुमच्या वतीनं डॉक्टरांना काही सांगणार नाही. तुम्ही बोललात तरच. पण पाण्यावाचून पुढच्या तापाला तुम्ही इस्पितळातून घरी याल, याची मला खात्री नाही. एकाची होती, ती चुकली.

मग दार बोटभर उघडलं आणि एक हात बाहेर आला. मालनबाईंनी डॉक्टरांना फोन लावून तो हातात दिला. दार पुन्हा लागलं. आत काकू आधी 'छान' म्हणाल्या, सवयीनं. मग म्हणाल्या, "नाही. छान नाही. मला माणसं दिसतात. एकच दिसतं." आणि सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी जुनी गोळी त्याच क्षणी बंद करायला सांगितलं आणि नवी लिहून दिली. आता कागदावर खरं कारण होतं, ते विमा कंपनीला गेलं. पुढेही तिथल्या मोलाच्या कॉलवर मालनबाईंना पुष्कळ ताटकळावं लागलं, पण शेवटी होकार आला. कल्लाप्पाची पाकिटं त्याच संध्याकाळी सर्जापूर रोडला पोचली, पहिल्या खेपेला मैत्रेयीनं पदरचे घालून. निघताना मालनबाईंनी पाहिलं, काकू चहाचे कप उचलत होत्या. दोनच उचलले. तिसऱ्यापाशी त्या पाठमोऱ्या उभ्या होत्या.

मालनबाईंनी हे घरी सांगितलं तेव्हा मी लगेच म्हटलं की काकू चोरून जुनी गोळी घेणार. कोणीही घेईल. मी घेईन. मालनबाई म्हणाल्या, नाही घेणार. लागली पैज, कोपऱ्यावरच्या हॉटेलातल्या मसाला दोशाची.

संक्रांतीला काकू आमच्याकडे आल्या. सर्जापूर रोडपासून इंदिरानगर, रिक्षानं, तेही गर्दीच्या वेळी. वाटेत एकदाही उतरावं लागलं नाही हे त्यांनी दारातच सांगितलं. तिळगुळाचा डबा मालनबाईंना दिला, मागोमाग पर्समधून जुन्या गोळ्यांचं पाकीट काढून त्यांच्या हातावर ठेवलं. मी ते उलटसुलट करून पाहिलं, मालनबाईंच्या वहीतल्या आकड्याशी गोळ्या मोजून ताडल्या. बंद केल्या दिवसापासून एकही गोळी फोडलेली नव्हती. काकूंनी पाणी मागितलं आणि उभ्या उभ्या अख्खा तांब्या संपवला. येते का हो अजून, असं मला विचारायचं होतं. मालनबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी विचारलं नाही.

दोसा मी चारला. मालनबाईंनी चटणी दोनदा मागून घेतली.