ड्रायरमधला जांभळा मोजा

चौकातल्या लाँड्रीवाल्या बाईंना सगळे 'मास्तरीण' म्हणत. शिकवण्याशी त्यांचा संबंध एवढाच, की डाग का जात नाही असं विचारलं की त्या पाण्याच्या रेणूपासून सुरुवात करत. घरी नवरा तिसऱ्या वाक्याला घोरू लागे, म्हणून सारी भिस्त गिऱ्हाइकांवर.

एका सकाळी विमा एजंटाची बायको आली. मागोमाग मान खाली घालून एजंट. तिनं त्याचा पॉलिस्टरचा शर्ट काउंटरवर ठेवला आणि शेजारी एक जांभळा नायलॉनचा मोजा. बायकी, झिरझिरीत.

"हा माझा नाही. शर्टाच्या बाहीत सापडला," ती म्हणाली. "हे म्हणतात, तुमच्या ड्रायरमध्ये चिकटला. कोरडा मोजा आपोआप कसा चिकटेल? मला शास्त्र कळत नाही, पण मी खुळीही नाही."

मास्तरिणीचा चेहरा खुलला. अशी विद्यार्थिनी नशिबानंच मिळते.

"प्रत्येक वस्तूत धन आणि ऋण असे दोन विद्युतभार असतात. एरवी सारखेच, म्हणून काही जाणवत नाही. ड्रायरमध्ये कपडे घासले, की नायलॉनचे थोडे ऋण कण पॉलिस्टरकडे जातात. नायलॉन होतं धन, पॉलिस्टर ऋण. सारखे भार एकमेकांना ढकलतात, विरुद्ध ओढतात."

"म्हणजे ज्याचं गेलं, तोच नेणाऱ्याला चिकटून बसतो?"

"अगदी."

"जगाची रीतच ती," बायको म्हणाली.

मास्तरिणीनं एजंटाच्या डोक्यावरून प्लास्टिकचा कंगवा फिरवला आणि कागदाच्या कपट्यांवर धरला. एकही कपटा हलला नाही. एजंटाचा चेहरा उतरला.

"इस्त्रीची वाफ आहे इथे. दमट हवेत भार टिकत नाही," म्हणत बाईंनी दोघांना फुटपाथवर नेलं. तिथे कोरड्या हवेत कंगवा पुन्हा फिरवताच कपटे टपाटप त्याला चिकटले. एजंटानं एवढा मोठा सुस्कारा सोडला, की उरलेले उडून गेले.

"पटलं," बायको म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी बाईंचं शेवटपर्यंत ऐकलं होतं. त्या अगदी भरून पावल्या.

बायको वळली आणि दारावरची पाटी वाचू लागली: 'प्रत्येक गिऱ्हाइकाचे कपडे स्वतंत्र धुतले व वाळवले जातात.'

"हे खरं का हो?"

बाईंच्या धंद्याची सगळी अब्रू त्या पाटीवर होती. एजंट त्यांच्याकडे डोळ्यांनी गयावया करत होता. बाई पहिल्यांदाच एका शब्दात बोलल्या.

"हो."

बायकोनं मोजा नीट घडी करून पर्समध्ये ठेवला. "चिकटला कसा ते कळलं. आता कुणाचा, ते घरी समजून घेते," ती नवऱ्याला म्हणाली आणि पुढे चालू लागली.

हल्ली त्या घरचे कपडे दोन पिशव्यांत येतात, वेगवेगळ्या दिवशी. दोघंही आपापली पिशवी ठेवून लगेच निघून जातात. मास्तरिणीला संसाराचं वाईट वाटतंच. पण त्याहून जास्त याचं, की विजांच्या कडकडाटाचा पुढचा धडा सांगायचा राहूनच गेला.